मदत हवी आहे: श्रेयांकाचे (क्रेडिटचे) ६० तास दोन सत्रांत कसे विभागावेत?

आमचे महाविद्यालय गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समुदाय सहभागाच्या २ श्रेयांकांतून (६० तास) बीएस्सीची मुले आश्रमशाळेत आठवी-नववीचे गणित शिकवतात. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी आहे, मुख्याध्यापकही सोबत आहेत.

अडचण वेळापत्रकाची आहे. पहिले सत्र ऐन पावसाळ्यात येते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि ठरलेले आठवडे वाया जातात. सलग १० दिवसांचे शिबिर घेऊन पाहिले. तास भरले, पण सत्र संपताच तुकडी बदलते आणि नवी तुकडी पुन्हा पाढ्यांपासून सुरुवात करते. शाळेतल्या मुलांचे यात फार नुकसान होते. ऑनलाइन तास सुचवू नका, तिथे नेटवर्क टिकत नाही. मुलींच्या मुक्कामाची सोय नसल्याने रोज परत यावे लागते, म्हणजे शिकवायला जेमतेम तीन तास. माडिया ही इथली आदिवासी बोली येणारे विद्यार्थी प्रत्येक जोडीत एक ठेवले, त्याचा मात्र खरोखर फायदा झाला. अपूर्णांकाची शाब्दिक उदाहरणे मुलांना कळू लागली.

अभ्यासमंडळापुढे प्रस्ताव ठेवायचा आहे: ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दोन सत्रांत ३०-३० तास, गुण मात्र दुसऱ्या सत्राच्या निकालात. तुमच्या विद्यापीठात असे विभाजन मंजूर झाले आहे का? पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेत मग काय नोंदवतात, आणि प्रत्येक मुलाची प्रगती पुढच्या तुकडीकडे कोणत्या नमुन्यात सोपवता?