ट्रायल्स सायकल निवडताना आधी काय पाहावे: बीबीची उंची की चेनस्टेची लांबी?

यळ्ळूरकर

बेळगाव-खानापूर पट्ट्यात ट्रायल्स सायकल (पाय न टेकता, तोल सांभाळत अडथळ्यांवरून न्यायची सायकल) घेऊ पाहणारे बहुतेक जण आधी बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस बसतो ती फ्रेमची नळी) किती उंच आहे ते विचारतात आणि जितकी उंच तितकी फ्रेम स्पर्धेची, असे धरून चालतात. मला हा क्रम मान्य नाही. पहिली सायकल घेणाऱ्याने आधी चेनस्टेची लांबी (बीबीपासून मागच्या आसापर्यंतचे अंतर) पाहावी, मग व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर), आणि बीबीची उंची त्यानंतर.

मागच्या चाकावर उभे राहताना सायकल मागच्या आसाभोवती फिरते आणि स्वाराचे बहुतेक वजन पेडलवर, म्हणजे पर्यायाने बीबीवर असते. ती बीबी आसाच्या माथ्याकडे जितकी सरकेल तितका तोल कमी श्रमात सापडतो. २६ इंची सायकलीचा चेनस्टे ३८० मिमी धरा आणि पुढचे चाक ३० अंशांत उचलले आहे असे माना. बीबी दोन्ही आसांच्या रेषेपेक्षा ३० मिमी उंच असेल तर ती मागच्या आसाच्या पुढे सुमारे ३१३ मिमी राहते, आणि ८० मिमी उंच असेल तर सुमारे २८२ मिमी. म्हणजे ५० मिमी उंची वाढवून ३१ मिमी पदरात पडले. चेनस्टे केवळ १० मिमीने आखूड केला तर जवळपास ९ मिमी मिळतात, तेही स्वाराला जमिनीपासून वर न नेता.

उंचीचा भुर्दंड मात्र सतत बसतो. तीव्र उतारावर पुढे कोलमडण्याची भीती वाढते आणि पाय टेकायची वेळ आली तर जमीन लांब असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जांभ्या दगडावर शेवाळ धरते, मागचे चाक न सांगता निसटते, तेव्हा नवशिक्याला हा फरक चांगलाच कळतो. म्हणून चेनस्टे शक्य तितका आखूड आणि बीबी ३० ते ४० मिमी, असे माझे मत आहे.

जांबोटीचा चिरा

यळ्ळूरकरांचे गणित बरोबर आहे, पण ज्या फ्रेमसाठी त्यांनी ते मांडले ती फ्रेम बनवता येत नाही. २६ इंची रिमवर टायर बसतो तो व्यास ५५९ मिमी असतो. वर ट्रायल्सचा जाड टायर चढवला की त्रिज्या ३४० मिमीच्या आसपास जाते. ३८० मिमीच्या चेनस्टेत टायर आणि बीबीचा मध्य यांच्यात ४० मिमी उरतात, त्यातले सुमारे २० मिमी बीबीच्या नळीलाच लागतात. राहिलेल्या २० मिमीत फ्रेमचा जोड, वाकलेल्या रिमची हालचाल आणि आमच्याकडचा लाल चिखल, एवढे सगळे मावले पाहिजे. तिथून आणखी १० मिमी कुठून काढणार? चेनस्टे आधीच भिंतीला टेकला आहे, म्हणून रचनाकारांनी बीबी वर नेली. त्यात मिरवण्याचा भाग नाही.

दुसरे असे की, आम्ही बंद पडलेल्या चिऱ्यांच्या खाणीत सराव करतो. चिरे कापून काढल्यावर तिथे पायऱ्या उरतात, आणि त्यांच्या कडा काटकोनी असतात. बीबी खाली असली की मागचे चाक वर पोहोचण्याआधीच तिच्याखालचा बॅशप्लेट (मार झेलणारी संरक्षक पट्टी) कडेवर आदळतो आणि सगळा जोर तिथेच जिरतो. ८० मिमीची बीबी तीच कड सहज ओलांडते. नवशिक्याला उंची जड जाते, हे खरे. पण सवय होईपर्यंतच. नंतर कमी उंचीची फ्रेम विकून दुसरी घेण्याचा खर्च कोण सोसणार? आपल्या भागात वापरलेल्या ट्रायल्स सायकलीला गिऱ्हाईक मिळणे किती अवघड आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

गोकाकचा वाळूखडक

आपण दोघेही २६ इंच गृहीत धरून भांडत आहात. २० इंची वर्गात मागे १९ इंची रिम असते, तिचा व्यास ३८७ मिमी आणि टायरसह त्रिज्या सुमारे २५५ मिमी. म्हणजे ३५० मिमीच्या चेनस्टेतही जागा शिल्लक राहते आणि वरचा वाद आपोआप मिटतो. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) स्पर्धांत २० आणि २६ इंच असे वेगळे वर्ग आहेत. शरीराने लहान असलेल्या किंवा मागच्या चाकावरच जास्त खेळणाऱ्या स्वाराने २० इंचच घ्यावी.

यळ्ळूरकर

२० इंचाचे पुढचे चाक खानापूरकडच्या गडग्यांवर चालवून पाहावे. दोन दगडांच्या फटीत ते असे बसते की हँडल हातातून हिसकावले जाते. शिवाय ट्रेलचा (हँडल ज्या रेषेभोवती फिरते ती जमिनीला मिळते तिथून पुढचे चाक टेकते तिथपर्यंतच्या अंतराचा) हिशेब आहेच: हेड अँगल (त्या रेषेचा जमिनीशी कोन) ७२ अंश आणि काट्याचा ऑफसेट (चाकाचा आस त्या रेषेच्या जितका पुढे असतो ते अंतर) ४० मिमी धरला तर २६ इंची सायकलीत ट्रेल ६८ मिमीच्या जवळ येतो, तर २० इंचीत ऑफसेट ३५ मिमी धरूनही तो ४५ मिमीच्या आसपासच राहतो. इतक्या कमी ट्रेलवर पुढचे चाक संथ गतीत चंचल होते. सरावलेल्या हाताला ते सोयीचे वाटते, नव्या हाताला नाही.

जांबोटीकरांच्या टायरच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो की ३८० ही मर्यादा मान्य केली, तरी बाजारात त्याहून लांब चेनस्टेच्या स्वस्त फ्रेम असतातच, आणि उंच बीबीच्या जोरावर त्या खपवल्या जातात. माझा आक्षेप त्या खरेदीला आहे. आकड्यांची सगळी ओळ एकत्र वाचावी लागते.

उद्यमबागेतला फिटर

या चर्चेत स्टेमचा (हँडल काट्याला जोडणाऱ्या तुकड्याचा) उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. हँडल २० मिमी वर आणि जवळ आणले की तीच फ्रेम मागच्या चाकावर वेगळी वाटू लागते, आणि स्टेम बदलणे फ्रेम बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

ज्यांना बीबीच्या उंचीचा प्रयोगच करायचा आहे त्यांनी ४१३० क्रोमोलीच्या (मिश्र पोलादाच्या) नळ्या मिळवून इथेच फ्रेम जोडून घ्यावी. जिग (जोडताना नळ्या जागेवर धरणारा साचा) नीट असेल आणि टिग वेल्डिंग करणारा हात चांगला असेल तर हे काम अशक्य नाही. ६०६१ ॲल्युमिनियमच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण वेल्डिंगमुळे जोडाजवळचा धातू मऊ पडतो आणि ताकद परत आणण्यासाठी संपूर्ण फ्रेमवर उष्णता-प्रक्रिया करावी लागते. त्या भट्टीत फ्रेम वाकडी होते ती पुन्हा सरळ करणे हे वेगळेच काम आहे.

जांबोटीचा चिरा

स्टेमने हात जवळ येतात. पुढचे चाक जिथे होते तिथेच राहते, आणि बॅशप्लेट कडेवर आदळायचा थांबत नाही. दोन पायऱ्यांमधले अंतर कापताना व्हीलबेस लागतो, तो स्टेममधून मिळत नाही.

क्रोमोलीची सूचना मात्र मला पटली. वजन वाढेल, ते चालेल. मी जिगवर बीबी ६० मिमी ठेवायला तयार आहे, चेनस्टे ३८० आणि हेड अँगल ७२. यळ्ळूरकरांना ४० मिमीच हवी असेल तर त्यांनी दुसऱ्या फ्रेमच्या नळ्यांचा खर्च उचलावा, आणि दोन्ही फ्रेम एकाच खाणीत, पावसाळ्यात चालवून पाहू.