मल्चिंग पेपरचे तुकडे जमिनीत राहिले तर काय होते?

प्रश्न (टोमॅटो उत्पादक, दिंडोरी तालुका)
आमच्याकडे टोमॅटो व ढोबळी मिरचीच्या बेडवर मल्चिंग पेपर (माती झाकणारी प्लास्टिकची पातळ फिल्म) अंथरणे आता नित्याचे झाले आहे. पाणी वाचते, तण कमी येते, हे खरेच आहे. मात्र हंगामानंतर पेपर ओढताना तो फाटतो, मातीत दाबलेल्या कडा तशाच राहतात आणि रोटाव्हेटर फिरला की त्यांचे बारीक तुकडे रानभर होतात. हे तुकडे कुजतात का? नसतील कुजत, तर ते काढण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर १ (मृदाशास्त्राचा अभ्यासक, नाशिक)
दादा, ते कुजत नाहीत. हा पेपर बहुधा पॉलिथिलीनचा असतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांचे आणखी लहान तुकडे होतात, पण पदार्थ पॉलिथिलीनच राहतो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झालेल्या अशा कणांनाच मायक्रोप्लास्टिक म्हणतात. जमिनीत गाडले गेल्यावर ऊनही लागत नाही, त्यामुळे ते दीर्घकाळ टिकतात, आणि गांडुळांच्या हालचालींबरोबर खालच्या थरांतही जातात. चीनमधील शिनजियांगच्या कापूसपट्ट्यात वर्षानुवर्षे साचलेल्या अशा अवशेषांमुळे पाणी मुरण्यात आणि मुळांच्या वाढीत अडथळे आले. पातळ फिल्म गोळा करताना फाटते म्हणून तिथे २०१७ च्या मानकाने किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन करण्यात आली. मोठे तुकडे वेचता येतात. एकदा मातीत मिसळलेले बारीक कण शेतातून वेगळे काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही.

उत्तर २ (शेतकरी, निफाड तालुका)
म्हणूनच जे करायचे ते रोटाव्हेटरच्या आधी. शेवटच्या तोडणीनंतर पेपर उन्हात महिनोन्‌महिने पडू देऊ नका. आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळा, वाफसा (माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही) असताना कडांची माती कुदळीने सैल करा आणि मग पेपर एका टोकाकडून गुंडाळत जा. २५ ते ३० मायक्रॉनचा पेपर महाग पडला तरी अखंड निघतो. माती झटकून, वाळवून ठेवल्यास भंगारवाला तो घेण्याची शक्यता वाढते. बांधावर पेटवू मात्र नका, तो धूर घराघरांत जातो. तसेच पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पावसात हे तुकडे ओढ्यांतून कादवेत जातात, आणि कादवा गोदावरीला मिळते तिथेच नांदूर मधमेश्वर आहे, रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले राज्यातील पहिले पाणथळ क्षेत्र. दिंडोरीच्या रानातला कचरा निफाडच्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दुकानदार ‘आपोआप विरघळणारा’ पेपर सुचवतो. तो घ्यावा का?

उत्तर १
त्यात दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. ऑक्सो प्रकारात पॉलिथिलीनमध्येच रसायन मिसळलेले असते, त्यामुळे ते लवकर फुटते एवढेच. युरोपीय संघाने अशा वस्तूंवर २०२१ पासून बंदी घातली आहे. दुसऱ्या प्रकाराचे खरोखरच मातीतील जिवाणू विघटन करतात, आणि त्यासाठी युरोपात ईएन १७०३३ हे मानक आहे. विक्रेत्याकडे मातीतील विघटनाचे प्रमाणपत्र मागा. ते मिळाले नाही, तर साधा जाड पेपर घेऊन वेळेत गोळा करणे मला अधिक योग्य वाटते.