हॉटेल आणि पर्यटनातला ताण: काम वाटून देणाऱ्यांचे अनुभव

हंगाम तोंडावर आला की माणसं सोडून जातात. ताण नेमका कुठे तयार होतो आणि सुपरवायझर, शेफ, टूर मॅनेजर यांच्या हातात काय असतं, ते लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर दुसऱ्याला वापरता येईल.

हाउसकीपिंग, महाबळेश्वर
'माणशी १४ खोल्या' हा हिशेबच चुकीचा आहे. आठ तासांची ४८० मिनिटं. जेवणाची ३०, ब्रीफिंगची १५, ट्रॉली भरण्या-आवरण्याची ३० वजा केली की ४०५ उरतात. पाहुणा राहत असलेली खोली २० मिनिटांत होते, चेकआउटची ३५ मिनिटांत. बुधवारी १० राहत्या आणि ४ चेकआउट, म्हणजे ३४० मिनिटं, सहज बसतात. रविवारी चौदाही चेकआउट आले तर ४९० होतात. मग बाथरूमचे कोपरे राहतात आणि बोलणी मुलांना बसतात. वाटप मिनिटांवर करा, रविवारी माणशी ११ च द्या.

दुसरा घोळ लिननचा, म्हणजे चादरी-टॉवेलचा. पलंगावर एक सेट, धुलाईत एक, कपाटात एक असे तीन धरतात. पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत. लाँड्री २४ ऐवजी ४८ तास घेते, कपाट रिकामं होतं आणि शनिवारी हॉटेल मात्र भरलेलं. चौथा सेट जूनच्या आधी हवाच.

फ्रंट ऑफिस, पुणे
वरच्याला जोडून. लिनन अडलं की दोन वाजता पाहुणे काउंटरवर येऊन उभे राहतात. काउंटरवरच्या मुलीला 'पाच मिनिटांत होईल' म्हणायला लावू नका. हाउसकीपिंगकडून खरी वेळ घ्या: '३:२० ला खोली मिळेल, बॅगा इथे ठेवा, तोवर जेवून घ्या.' खरी वेळ कळली की बहुतेक लोक थांबतात.

तिला थोडा अधिकारही द्या. रिट्झ-कार्लटनमध्ये कर्मचाऱ्याला एका पाहुण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असते. चाळीस खोल्यांच्या हॉटेलात १,००० रुपये पुरतात. लॉगबुकमध्ये खोली, कारण, रक्कम लिहायची, एवढीच अट. तिचा निर्णय पाहुण्यासमोर कधीही फिरवू नका, चुकला असेल तर शिफ्टनंतर बोला. एकदा फिरवला की पुढची प्रत्येक तक्रार 'मॅनेजरना विचारते' म्हणून तुमच्याकडेच येते.

किचन, पणजी
ब्रेक शिफ्ट माणूस तोडते. ११ ते ३ आणि ७ ते १२, कागदावर नऊ तास. प्रत्यक्षात तेरा तास अडकलेला. खोली लांब असेल तर मधले चार तास बसमध्ये जातात. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त लावू नका आणि रात्री बारापर्यंत थांबलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावू नका. मध्ये ११ तास तरी जाऊ द्या. अपुऱ्या झोपेनंतर सुरी हातावर फिरते.

टूर मॅनेजर, युरोप आणि राजस्थान
६-७-८ म्हणजे सहाला वेक-अप, सातला नाश्ता, आठला निघणं. हे पाहुण्यांचं घड्याळ. टूर मॅनेजर पाचला उठलेला असतो. रात्री जेवणानंतर पुढच्या हॉटेलची रूमिंग लिस्ट (कोण कोणत्या खोलीत, ती यादी), ड्रायव्हरला फोन आणि दिवसाचा हिशेब करता करता त्याचे बारा वाजतात. ऑफिसने रूमिंग लिस्ट आणि बिलं स्वतःकडे घेतली तरी त्याचा रोजचा तासभर सुटतो. एक टूर संपवून दुसऱ्या दिवशी लगेच दुसरीवर पाठवणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

एचआर, मुंबई
निष्ठा रजेच्या यादीत दिसते. कोकणातल्या मुलांना गणपती आणि शिमगा हवा, गोव्याच्यांना नाताळ, नेपाळच्यांना दसैं. 'बघू' असं उत्तर मिळालं की मुलगा न सांगता गावी जातो आणि परत येत नाही. दोन महिने आधी यादी लावा. यंदा गणपतीला गेला तो शिमग्याला थांबेल, पुढच्या वर्षी उलट. बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यातली तारीख लेखी द्या. महाराष्ट्रात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, वरच्या तासांना दुप्पट दर. ते हंगाम संपल्यावर नव्हे, त्याच महिन्याच्या पगारात द्या.

हाउसकीपिंग, महाबळेश्वर
यादी पॅन्ट्रीच्या दारावर लावा, मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. कोणाला कधीची रजा मिळाली हे सगळ्यांना दिसलं की अदलाबदल मुलं आपसांत करतात.