पिफच्या रांगेतले दिवस: तुमचेही लिहा

सायकलवाली
परवा आई भाजीला निघाली तर हातात पिफची, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, कापडी पिशवी, ती डेलिगेट किटमध्ये मिळायची ना ती. धुऊन धुऊन लोगो निम्मा उडालाय. म्हटलं चला, धागा काढायला एवढं कारण पुरे.

हा महोत्सव २००२ ला सुरू झाला. आमच्या पिढीने परदेशी सिनेमा तोवर बघितला तो टीव्हीवर रात्री उशिरा लागला तर, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने फिल्म आर्काइव्हमध्ये, म्हणजे सिनेमांच्या सरकारी संग्रहालयात घुसून. आणि एकदम जानेवारीत आठवडाभर इराण, पोलंड, अर्जेंटिना सगळं कोथरूडात! खरं सांगू का, मला सिनेमांपेक्षा रांगच जास्त आठवते. सिटी प्राईड थिएटरच्या पायऱ्यांवर शेड्यूल मांडीवर घेऊन बसायचं, पेनाने गोल करायचे, एकाच वेळी दोन चांगले लागले की चिडचिड. काय बघायचं ते कॅटलॉगमधून कधीच कळलं नाही, ते रांगेतल्या काकूंनी सांगितलं. "तो हंगेरीचा अजिबात सोडू नकोस गं, पण आधी खाऊन घे, फार उदास आहे." अशा काकू आता कुठे मिळणार. तुमचे किस्से येऊ द्या.

पेठेतला
रांगेत एक काका असायचेच जे प्रत्येक सिनेमाला "स्लो आहे" म्हणायचे आणि सगळ्यात आधी आत जाऊन बसायचे.

मीनल_क
आणि रुमाल!! एसटीत टाकतात तसे रुमाल टाकून अख्खी रो धरलेली. "इथे माणूस आहे." कुठाय माणूस? "येतायत, पार्किंगला आहेत." सिनेमा संपला तरी ते पार्किंगलाच.

जुना_प्रेक्षक
लोकांना वाटतं दिग्दर्शक जब्बार पटेलांनी महोत्सव काढला आणि पुणेकर सिनेमा बघायला शिकले. तसं नाहीये. प्रभात ही सिनेमे काढणारी कंपनी १९३३ ला पुण्यात आली, तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ ला आर्काइव्ह. म्हणजे पिफच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षं इथे रीळं होती आणि ती बघायला सोकावलेली माणसं होती. इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर सर फिल्म अ‍ॅप्रिसिएशन, म्हणजे सिनेमा कसा बघावा ते शिकवायचे, त्यात शाळामास्तर, बँकवाले, डॉक्टर कोणीही असायचं. आर्काइव्हचे पी. के. नायर साहेब अंधारात बसून वहीत नोंदी करायचे. आशयसारखे फिल्म क्लब होते, त्यांचं लेटर यायचं घरी पोस्टाने, की अमुक रविवारी अमुक सिनेमा. त्यामुळे २००२ ला पहिल्याच वर्षी हॉल रिकामे पडले नाहीत. दुसऱ्या शहरांत महोत्सव आधी येतो नि प्रेक्षक नंतर गोळा करावा लागतो, इथे उलटं झालं. म्हणून मला राग येतो जेव्हा नवी पोरं म्हणतात की पिफने पुण्याला जागतिक सिनेमा दिला. असो, फार लांबलं, बीपीची गोळी घ्यायचीय.

रंकाळा_रिटर्न्स
@जुना_प्रेक्षक काका सगळं बरोबर पण एक राहिलं. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात निघाली. तुम्ही पळवली. 🙂

पेठेतला
झालं सुरू. आता कोल्हापूरचे जुने सिनेमावाले बाबूराव पेंटर काढणार हे.

रंकाळा_रिटर्न्स
काढणारच! आमचा किफ, म्हणजे कोल्हापूरचा महोत्सव, भरवते ती फिल्म सोसायटीच कलामहर्षी बाबूराव पेंटरांच्या नावाची आहे. आणि पिफमध्ये उत्कृष्ट मराठी चित्रपटाला जो संत तुकाराम पुरस्कार देता तो कशावरून? प्रभातचाच सिनेमा, १९३६ चा, व्हेनिसला वाखाणला गेलेला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या पुरस्काराचं नाव पण प्रभात. सगळं आमच्याकडचंच नेऊन मांडलंय.

सायकलवाली
अहो तो सिनेमा निघाला तेव्हा कंपनी पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती 😄 पण वाटून घेऊ, भांडू नका.

डबेवाला_नाही
मी सुरुवातीच्या वर्षांत स्वयंसेवक होतो. तेव्हा ३५ एमएमच्या प्रिंटा यायच्या. पत्र्याचे गोल डबे, त्यावर कुठल्या कुठल्या देशांच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या, आणि वजन असं की दोघांनी एक पेटी उचलायची. एकच प्रिंट, शो दोन ठिकाणी. पहिल्या थिएटरात सिनेमा संपला की रीळं परत गुंडाळायची, डब्यात भरायची नि रिक्षात घालून दुसरीकडे पळायचं, संध्याकाळचा कर्वे रोड, तुम्ही समजून घ्या. एकदा रिक्षावाला म्हणाला यात काय आहे, म्हटलं सिनेमा, तर म्हणतो हिरो कोण. मला स्वतःला नाव वाचता येईना, काय सांगणार. इकडे पब्लिक शिट्ट्या मारत बसलेलं. पोचलो तेव्हा ऑपरेटरने एक शब्द न बोलता डबा हातातून काढून घेतला. आता सगळं हार्ड डिस्कवर येतं, खिशात मावतं. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही, पण तो डब्याचा वास, तेल आणि व्हिनेगर असं काहीतरी, तो नाही मिळत.

मीनल_क
व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्म खराब व्हायला लागल्याची खूण ना? अ‍ॅसिटेट फिल्मला होतो तो.

डबेवाला_नाही
हो, तेच ते. तेव्हा काय माहीत, आम्हाला वाटायचं सिनेमाचा वास असाच असतो.

जुना_प्रेक्षक
रीळांचा विषय निघालाच आहे तर. २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या फिल्मच्या जुन्या रीळांना आग लागली होती. मूकपटांच्या काळातलं बरंच गेलं. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही. आजही जानेवारी आला की मला आधी ती आग आठवते, मग महोत्सव. इथे लिहायचं नव्हतं खरं, राहवलं नाही.

सायकलवाली
काका लिहीत राहा. 🙏

आई_मोड_ऑन
मी कधीच गेले नाही. आधी ऑफिस मग मुलं. राहायला थिएटरच्या मागच्याच गल्लीत, दरवर्षी गळ्यात पास अडकवलेली माणसं टपरीवर वाद घालताना बघते आणि दूध घेऊन घरी येते. (आता पण कुकर लावून टाईप करतेय, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.)

पेठेतला
या वेळी जाच. पोरांना नवऱ्याकडे द्या.

आई_मोड_ऑन
नवऱ्यालाच कोणाकडे द्यायचं हा प्रश्न आहे.

लांबचा_शेवगावकर
माझा आवडता प्रकार म्हणजे सिनेमानंतरची प्रश्नोत्तरं. दिग्दर्शक बिचारा इतक्या लांबून आलेला, माईक आपल्या एका सज्जनांकडे, आणि ते म्हणतात "माझा प्रश्न नाही, दोन निरीक्षणं आहेत." दुसरं निरीक्षण सुरू होईपर्यंत पुढच्या शोची रांग आत घुसलेली. दुभाष्याने त्या दोन निरीक्षणांचं अर्ध्या वाक्यात भाषांतर केलं नि दिग्दर्शक म्हणाला थँक्यू.

मीनल_क
मेले 😂😂 मी एका शोला होते तिथे सबटायटल्स गायब. तासभर जॉर्जियन की काय त्यात. कोणी उठलं नाही! मागच्या आजी शेजारणीला स्टोरी सांगत होत्या, "हा तिचा दीर असणार." बरोबर निघाला.

लांबचा_शेवगावकर
आज्या कायम बरोबर असतात. त्यांनी आयुष्यभर मालिका बघितल्यात.

अर्धवट_राव
सगळे जुनं गोंजारताय म्हणून उलट लिहितो. २०१० पासून पिफवर राज्य सरकारचा अधिकृत महोत्सव असा शिक्का बसला त्याबद्दल नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले, पण मराठी स्पर्धा विभागाकडे लोकांचं लक्ष जायला त्याचा उपयोग झाला असं माझं मत. नवा मराठी दिग्दर्शक, घर गहाण टाकून सिनेमा काढलेला, त्याला थिएटरवाला सकाळी नऊचा शो देतो तोही दोन दिवस. पिफला तोच सिनेमा हाऊसफुल, लोक पायऱ्यांवर बसून बघतात. मग तेच लोक रिलीजला तिकीट काढून का येत नाहीत हा माझा जुना सवाल आहे, त्याचं उत्तर मात्र रांगेतल्या कुठल्याच काकूंनी दिलं नाही.

पेठेतला
कारण पास काढलेला असतो, वसूल करायचा असतो. पुणेकर आहोत.

मीनल_क
कोविडात तारखा कसल्या घोळल्या होत्या ना, २०२१ चा डिसेंबरात गेला आणि पुढचा लगेच मार्चमध्ये. मार्चच्या उन्हात पिफ, काहीतरीच वाटत होतं. स्वेटर नाही तर पिफ कसला.

आई_मोड_ऑन
सिरियसली विचारतेय, सासरे म्हणतायत तेही येतो, त्यांना ऑनलाइन काही जमत नाही. थिएटरवर जाऊन रजिस्ट्रेशन होतं का?

डबेवाला_नाही
आमच्या वेळी व्हायचं, आता एकदा चौकशी करा. फोटो आणि ओळखपत्र बरोबर ठेवायला सांगा. आणि सकाळी लवकर, दुपारी गेलात तर शेवगावकरांचे ते निरीक्षणवाले गृहस्थ पुढे उभे असतात.

आई_मोड_ऑन
अहो ते गृहस्थ माझे सासरेच असण्याची दाट शक्यता आहे.