जुन्या ग्रंथांचे टेबल: मुंबईच्या हवेत काय टिकते

जुन्या जाडजूड ग्रंथांना आरपार भोक पाडून, मधून लोखंडी सळई घालून बैठे टेबल करावे, ही काही जण करतात ती सूचना आकर्षक असली तरी मुंबईच्या हवेचा विचार त्यात झालेला नाही, असे मला वाटते. गिरगावातील आमच्या घरी वडिलांच्या कालबाह्य कायदे-अहवालांचे मी असेच एक स्टूल केले होते. दाबाखाली कागद फार मजबूत असतो, त्यामुळे वजनाची अडचण आली नाही. परंतु जुलैत सर्वांत खालचा खंड ओल शोषून एका बाजूने फुगला आणि स्टूल डुगडुगू लागले. उघडून पाहिले, तेव्हा पुठ्ठ्याखालची खळ कसरीने खाल्लेली होती आणि कापडी कण्यावर पांढरट बुरशी धरली होती. तेव्हापासून मी खाली सागवानी फळी व रबरी पाय लावतो, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवतो आणि गोंद किंवा सळई न वापरता चामडी पट्ट्याने थप्पी आवळतो, म्हणजे पुस्तक पुन्हा मोकळे करून वाचता येते.

मात्र भोक पाडण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक चाळून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुने दिवाळी अंक, बांधीव मासिके, स्थानिक इतिहास यांची दुसरी प्रत मिळेलच असे नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९८ पासून चालत आलेल्या संस्थेत आधी चौकशी करावी. जुन्या डिरेक्टऱ्या आणि बाद झालेली क्रमिक पुस्तके टेबलासाठी खुशाल घ्यावीत.