बिबड्यांवर कुंड्यांचं पाणी

(रविवार, एप्रिल. सोसायटीचा ग्रुप.)

२०२ काकू, ८:१२
वरच्यांनी कृपया लक्ष द्यावे. आज पहाटे पाचला उठून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकल्या. तीन किलो दादर ज्वारी, तीन दिवस भिजवलेली. शिजत्या पिठाचा घाटा घाटून हाताला फोड आले. गॅलरीत ओल्या धोतरावर एकेक बिबडी थापली आणि आठ वाजता वरून मातीचं पाणी. अर्धं धोतर काळं झालं. ही तिसरी वेळ. नाव घेत नाही.

१०१ भाऊ, ८:१५
मी मागच्या जूनपासून सांगतोय. ग्रिलबाहेरच्या कुंड्या आत घ्या. वादळात कुंडी पडली तेव्हा माझ्या स्कुटीच्या सीटचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

३०२ ताई, ८:२१
काकू, नाव घेतलं नाही तरी तुमच्या वर मीच राहते. नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण मी पाणी सहालाच घातलं होतं. आठला पडलं ते माझंच कशावरून? ४०२ चा कूलर रात्रभर गळत असतो.

४०२ दादा, ८:२४
ताई, कूलरच्या पाण्यात माती कुठून येईल? आमचा पाईप मोरीत सोडलाय. येऊन बघा.

१०३ वहिनी, ८:२५
सगळ्यांना शुभ सकाळ 🌹

२०२ काकू, ८:२६
माझी सकाळ तर गेली.

४०१ आबा, ८:४०
मी चष्मा लावून सगळं वाचलं. दोघींचंही खरं असू शकतं. ताईंच्या कुंड्यांत शेतातली काळी माती आहे, मला माहीत आहे. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. पाणी मुळांना न लागता त्या फटीतून बशीत उतरतं. बशी भरली की फरशीवर येतं आणि उतार धरून तास-दोन तासांनी खालच्या गॅलरीत टपकतं. म्हणजे सहाचं पाणी आठला पडू शकतं. झाड तहानलेलंच राहतं ते वेगळं.

३०२ ताई, ८:४३
आबा, म्हणूनच का दुपारी भेंडी मान टाकते? मी तर रोज बादलीभर घालते.

४०१ आबा, ८:५१
हो. निम्मी काळी माती काढून त्यात नारळाच्या काथ्याचं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. पाणी एकदम ओतू नका. आधी तांब्याभर, दहा मिनिटांनी पुन्हा तांब्याभर. वर वाळक्या पाल्याचा दोन बोटं थर द्या. दुपारी तर मुळीच घालू नका. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत प्लास्टिकच्या कुंडीतली माती हाताला चटका देते, मुळं त्यात शिजतात. ठिबक सिंचनाच्या जळगावात आपण बादलीने पाणी घालतो, हे काही बरं नाही.

१०१ भाऊ, ८:५२
ग्रिलबाहेरच्या कुंड्यांचं काय?

१०३ वहिनी, ८:५५
आबा, बामणोदकडचं भरताचं वांगं कुंडीत येईल का हो?

४०२ दादा, ८:५६
वांगं लावा वहिनी, भाजायला तुरकाठ्या आमच्याकडे. गच्चीवर भरीत पार्टी 😄

४०१ आबा, ९:०२
येईल, पण कुंडी दीड फूट खोल हवी. एका कुंडीत एकच झाड. आत्ता उन्हात नको. पावसाळ्यात रोप लावा, थंडीत भरीत खा. आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याला आठ इंची कुंडीत कोंडू नका.

२०२ काकू, ९:०४
माझ्या बिबड्या वाळायच्या राहिल्या आणि तुमचं भरीत सुरू झालं.

सेक्रेटरी, ९:२०
काकू, क्षमस्व, आत्ता पाहिले. सर्वांनी शांततेने घ्यावे ही विनंती. ग्रिलबाहेरच्या कुंड्यांबद्दल मागील सभेत ठरले होते.

३०२ ताई, ९:२३
सभेत ठरलं नव्हतं, नुसतं बोलणं झालं होतं. आणि सगळ्या कुंड्या बंद असं कोणाच्या मनात असेल तर स्पष्ट सांगा. पुदिना हवा असला की माझं दार वाजतं. गौरीला तेरडा, सत्यनारायणाला तुळस माझ्याकडूनच जाते. तेव्हा कुंड्या कोणाला खटकत नाहीत.

१०३ वहिनी, ९:२५
ताई, पुदिन्याचं बोलून दाखवायला नको होतं. मी परवाच नेला होता.

३०२ ताई, ९:२७
तुम्हाला नाही म्हटलं वहिनी.

३०३ भाऊ, ९:३५
एक सांगू का, कामाचं आहे. निवासी गॅलरीसाठी मानकात चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की ३० किलोच्या वर जाते. गॅलरीचा स्लॅब भिंतीतून पुढे निघालेला असतो, म्हणून जड कुंड्या भिंतीकडे ठेवा, कठड्याकडे नको. कोकोपीट घातलं की वजनही उतरेल. आणि स्लॅब सतत ओला राहिला तर आतली सळई गंजते. मग प्लास्टर काकूंच्याच गॅलरीत पडेल.

२०२ काकू, ९:३८
पडेल कशाला, पोपडे निघालेच आहेत. फोटो टाकू?

१०१ भाऊ, ९:३९
फोटो माझ्याकडेही आहे. सीटचा.

सेक्रेटरी, ९:४५
बशांमधील साचलेल्या पाण्याचेही पहावे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. दर रविवारी बशा आणि कूलरच्या टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात.

४०२ दादा, ९:४७
कूलर परत आला का मध्ये?

४०१ आबा, ९:५०
आला, कारण कूलरचं उरलेलं पाणी लोक कुंडीत ओततात. ते ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीवर पांढरा थर दिसतो तो त्याचाच.

(१०:३० ते ४ कोणी बोललं नाही.)

३०२ ताई, ४:१०
काकू, दुपारभर फरशीवर बसून पाहिलं. पाणी माझ्याच कुंड्यांचं होतं. दोन बशा तडकलेल्या निघाल्या, आणि कोपऱ्यात ओल धरलीय. ४०२ दादा, तुमचं नाव घ्यायला नको होतं. काकू, गावचं शेत विकलं तेव्हा त्या मातीची चार पोती इथे आणली. ती टाकवत नव्हती, म्हणून कोकोपीट मिसळलं नाही. आज मिसळलं. खोल बशा आणल्यात. बिबड्यांची दादर मी देते.

४०२ दादा, ४:१४
असू द्या ताई. हिरवी नेट बांधायची असेल तर शिडी आहे आमच्याकडे.

२०२ काकू, ४:३२
दादर घरात आहे. आज पुन्हा भिजत घातली, बुधवारी टाकीन. पहाटे घाटायला एक हात कमी पडतो. माझा खांदा आता चालत नाही.

३०२ ताई, ४:३३
पाचला येते. त्या दिवशी कुंड्यांना पाणी रात्री घालीन.

२०२ काकू, ४:३५
ये. घाटा खायला वाटी घेऊन ये. तेल घरचं आहे.

१०१ भाऊ, ४:३६
आणि ग्रिलबाहेरच्या कुंड्या?

३०२ ताई, ४:४१
दोन आत घेतल्या, भाऊ. तिसरी मोगऱ्याची आहे, कळ्यांनी भरलीय, एकटीला उचलत नाही. संध्याकाळी तुम्ही वर आलात तर दोघं मिळून घेऊ.

१०१ भाऊ, ४:५०
सातला येतो.