रक्ताचा अहवाल आधी की होकार आधी?

वैनगंगाकाठ
परवा ‘तपासनीस’ यांनी येथे लिहिले की, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पट्ट्यातील तरुणांनी एकमेकांचे रक्ततपासणीचे कार्ड पाहिल्याशिवाय मनात काही येऊच देऊ नये आणि आलेच तर ‘भावना आवरून’ दुसरीकडे पाहावे, कारण प्रेम ही दोघांची चैन असते आणि तिची किंमत मूल मोजते. त्यातील वैद्यकीय भाग मला मान्य आहे. ‘आवरून’ हा शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी एएस, म्हणजे या आजाराची नुसती वाहक आहे आणि ज्याच्यावर माझे प्रेम आहे तो एसएस, म्हणजे रुग्ण आहे. हे त्याने तिसऱ्या भेटीतच सांगितले. तसे पाहिले तर गडचिरोलीकडे वाढलेल्या मुलीला डोळ्यांतला पिवळेपणा सांगावा लागत नाही. पुढच्या हिवाळ्यात तो सात दिवस रुग्णालयात होता आणि हाडे अशी दुखत होती की अंगावरची चादरही त्याला सोसवत नव्हती. मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब करीत होते: प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता एसएसची, निम्मी एएसची, एए, म्हणजे दोषमुक्त मूल होण्याची शक्यताच नाही. हिशेब बरोबर आला, तरी उठून घरी जावेसे वाटले नाही. भीती सरली असे नव्हे. रात्री-अपरात्री फोन वाजला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. परंतु ते कार्ड मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी आहे. माणसाने कोणाजवळ बसावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

तपासनीस
‘चैन’ हा शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही. अकरा वर्षे मी पाड्यापाड्यांवर जाऊन बोटातून रक्त घेत आलो आहे. कागदावर लग्न आणि मूल हे दोन निर्णय आहेत. घरात तो एकच असतो, कारण वर्ष उलटण्याच्या आत सासू विचारू लागते. दोघेही एएस असलेल्या जोडप्याला ‘चारांत एक’ असे समजावले, तर पहिले मूल एसएस निघाल्यावर ‘आता पुढची तिन्ही चांगली’ असे मला कितीतरी घरांनी ऐकवले आहे. शक्यता दर खेपेला नव्याने तेवढीच असते, हे सांगताना घसा बसतो. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते हे खरे, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते आणि अनेकींना दिवस गेल्याचेच त्यानंतर ध्यानात येते. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. ती कार्डे पेटीत ठेवून लोक मनाचेच ऐकणार असतील, तर रक्त कशासाठी काढायचे?

दुपारचा चहा
गंमत वाटते. पत्रिका पाहणाऱ्यांना तुम्ही मंडळींनी आयुष्यभर वेड्यात काढले आणि आता रक्ताची पत्रिका घेऊन दारोदार फिरता. सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे आहे हे कळूनही सावित्री डगमगली नव्हती.

तपासनीस
मंगळाने कोणाच्या प्लीहेला सूज आल्याचे मी पाहिलेले नाही. हे दोन कागद एका तराजूत घालणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

उंबरा
सावित्रीचे नाव निघाले म्हणून लिहिते. माझ्या माहेरच्यांनी माझे एएसचे कार्ड बैठकीत सर्वांसमक्ष ठेवले. मुलाचे मागितले, तेव्हा ‘आमच्या घराण्यात तसले काही नाही’ असे उत्तर आले. मुलगी दहा महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली, तपासणीत ती एसएस निघाली आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या कपाटात त्याचे जुने कार्ड सापडले. सावित्रीला नारदांनी आधी सांगितले होते, मग तिने होकार दिला. मला होकारापूर्वी कोणी काहीच सांगितले नाही.

पोथीवाला
क्षमा असावी, पण क्रम उलटा आहे. वनपर्वात सावित्री सत्यवानाला मनाने वरून परत येते आणि त्यानंतर अश्वपतीच्या सभेत नारद वर्षाची मुदत सांगतात. म्हणजे होकार आधी, अहवाल नंतर. बाप दुसरा वर शोध म्हणतो, तेव्हा एकदा निवडले ते निवडले, असे ती उत्तर देते. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: सासरी गेल्यावर ती हे सत्यवानाला सांगत नाही, सासू-सासऱ्यांनाही नाही. वर्षभर एकटीच दिवस मोजते. अखेरीस तीन रात्रींचे व्रत धरते, तेव्हाही खरे कारण उघड करीत नाही.

दुपारचा चहा
हेच तर प्रेम! समोरच्याला भीतीचा वाटेकरी करायचे नाही.

उंबरा
हे प्रेम असेल, तर माझ्या नवऱ्यानेही माझ्यावर प्रेमच केले म्हणायचे. तोही वर्षभर एकटाच मोजत होता, असे त्याने नंतर मला रडत सांगितले होते. तुम्ही वडाला दोरा गुंडाळून मोकळे होता. माझ्या मुलीला हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज द्यावी लागते. पोथीतला क्रम ज्यांना सुधारायचा असेल त्यांनी खुशाल सुधारावा, परंतु न सांगणाऱ्याला माझ्यासमोर थोर ठरवू नये.

पोथीवाला
मी थोर ठरवलेले नाही, पाठ सांगितला. राग योग्य जागी काढावा ही विनंती.

उंबरा
योग्य जागा कोणती ते आता तुम्ही सांगणार आहात तर.

वैनगंगाकाठ
उंबराताई, तुमचे लिहिणे मी तीनदा वाचले. तुमच्याकडून निवडच हिरावून घेतली गेली, माझ्यासमोर ती ठेवली गेली. या दोहोंना एकाच मापाने मोजणे चूक आहे आणि माझ्या पहिल्या लिखाणात ती चूक डोकावते. मूल होऊ द्यायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सासू विचारील तेव्हा काय, याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही, हेही मान्य करते.

तपासनीस
उत्तर नसल्याचे मान्य करणारी व्यक्ती या धाग्यावर प्रथमच भेटली, त्याबद्दल अभिनंदन. जाताना एवढेच नोंदवतो की, कपाटात कार्ड दडवणारा जो नवरा असतो त्याने बहुधा माझ्यासारख्याच कोणाचे तरी ‘आवरा’ ऐकलेले असते. कार्ड दाखवले की स्थळ मोडते, हे आम्हीच लोकांना शिकवले. यावरून माझे मूळ म्हणणे बदलले असे कोणी समजू नये.

वैनगंगाकाठ
काल हा सारा वाद त्याला वाचायला दिला. सावित्रीपर्यंत आला, थांबला आणि म्हणाला की, एवढ्या लोकांनी लिहिले, पण सत्यवानाला काय हवे होते हे कोणीच विचारलेले नाही.

तपासनीस
मग त्यालाच येथे लिहू द्या. मात्र थंडी पडू लागली आहे; जाग्रण करू नये, अंगात स्वेटर असावा आणि पाण्याची बाटली शेजारी ठेवूनच लिहावे.